ऑस्ट्रेलियन रॉक प्रत्यक्ष कोणी कोणी ऐकलाय? (आणि आमचे बाबा एमसीजीवर)

यारातीर
गुरुवार, रात्री ११:१०

काल रात्री झोप नाही, आज ऑफिसात डोळे मिटत होते आणि कानात अजून गुंई चालू आहे. तरी लिहून टाकतो, नाहीतर राहूनच जाईल.

बाबा तीन महिन्यांसाठी मेलबर्नला आलेत. वय ७१. सगळा जन्म इचलकरंजीत, त्यातली चौतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून. मागाचं खातं ज्यांनी आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पत्र्याच्या एका छपराखाली चोवीस माग चालू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ वाचावे लागतात. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, त्याचं मूळ तिथं आहे. शेजाऱ्यांना वाटतं भांडणं चाललीत.

तर एसी-डीसी हा रॉक बँड दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियात वाजवणार, तेही एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड), १२ नोव्हेंबर २०२५ ला. मी दोन तिकिटं काढून ठेवली होती, माझं आणि बायकोचं. (तिकिटांची कथा वेगळीच. ऑनलाइन रांगेत पावणेदोन तास, आणि आत शिरल्यावर किंमत बघून मी लॅपटॉप मिटून चहा करायला गेलो. चहा पिऊन परत आलो आणि घेतली.) ऐन वेळी बायकोची नाइट शिफ्ट लागली. मित्रांना विचारलं, सगळे तयार होते, पण फुकटात. शेवटी बाबाच म्हणाले, "मी येतो की. ग्राउंड तरी बघाय मिळंल."

ग्राउंडचं त्यांना फार. १९८१ साली पायचीत दिल्यावर गावसकर चिडून चेतन चौहानला घेऊन बाहेर निघाला होता ते हेच का, १९८५ ला शास्त्रीला आउडी गाडी मिळाली ती इथंच का, असं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपासून चालू होतं.

पण आधी फेडरेशन स्क्वेअरला थांबलो, कारण तिथं बॅगपाइपवाले जमले होते. स्कॉटिश घागरे घातलेले, तीनशे चौऱ्याहत्तर जण. एसी-डीसीनं २३ फेब्रुवारी १९७६ ला शेजारच्याच स्वान्स्टन स्ट्रीटवरून उघड्या ट्रकवर उभं राहून ज्या बॅगपाइपवाल्या गाण्याचं चित्रीकरण केलं, तेच गाणं सगळ्यांनी एकदम वाजवलं. आधीचा विक्रम बल्गेरियाचा होता, ३३३ चा. तो मोडला. बाबा म्हणाले, "आपल्याकडं मिरवणुकीत दोन पुंगीवाले असले तर डोकं उठतंय." पण हलले नाहीत जागचे.

तिथून नदीकाठानं चालत मैदानावर. आमची जागा शेन वॉर्न स्टँडमध्ये, बऱ्यापैकी वर. बाबांच्या डोक्याला कानटोपी आणि मी दिलेले इअरप्लग खिशात. "मला कशाला? माझं कान मागानं आधीच खाल्ल्यात."

सुरुवातीची तीन-चार गाणी बाबा फक्त बघत होते. गिटारवाल्या अँगस यंगचं वय सांगितलं, ७०. "माझ्याहून ल्हान की. आणि शाळंची चड्डी?" मग वरून भलीमोठी घंटा खाली आली, टोले सुरू झाले. आमच्या पुढच्या रांगेत साधारण साठीचा एक माणूस होता, दंडावर गोंदवलेलं, हातात बिअरचे दोन ग्लास. टोला पडला तसे त्यानं दोन्ही ग्लास खाली ठेवले आणि टोपी काढली. देवळात शिरल्यासारखी. बाबांनी मला कोपरानं ढोसून ते दाखवलं.

शेवटाकडे अँगसचा एकट्याचा गिटारचा लांबच लांब भाग असतो. वर चढलेल्या मंचावर लोळतो काय, पाय झाडतो काय. सगळं मैदान वेडं झालेलं. मी बाबांकडे बघितलं तर त्यांची नजर भलतीकडेच. मोठ्या पडद्यावर अँगस दिसत होता आणि हे पडदा सोडून खाली खऱ्या मंचावर बघत होते, ड्रमच्या बाजूला.

परतीच्या ट्रेनमध्ये बोलले. "पुढं ती चड्डी नाचत हुती, ते ठीक हाय. पण कापड तो मागचा विणतोय. ड्रमजवळ हुबा ऱ्हायला हुता बघ, तो. दोन तासांत एकदाबी धोटा चुकला न्हाई त्याचा." (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो.)

मी वीस वर्षं हा बँड ऐकतोय. ऱ्हिदम गिटार म्हणजे काय हे मला काल कळलं.

तर मंडळी, ऑस्ट्रेलियन बँड प्रत्यक्ष कोणी ऐकलेत? कुठं, कधी? लिहा. भर घाला.

---

बॅकबेंचर७८
गुरुवार, रात्री ११:१४

पहिला! आता वाचतो.

बॅकबेंचर७८
गुरुवार, रात्री ११:३१

वाचलं. बाबांना दंडवत. त्या मागच्या माणसाचं नाव स्टीव्ही यंग. मूळ ऱ्हिदम गिटार माल्कम यंगची, अँगसचा थोरला भाऊ, बँडचा खरा कारभारी. तोही असाच मागे ड्रमला चिकटून उभा राहायचा, कोरस गायला तेवढा माइकपाशी यायचा आणि पुन्हा मागे. जाड तारा, आणि लोक समजतात त्यापेक्षा खूपच कमी खरखर, म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. स्मृतिभ्रंशामुळे २०१४ ला त्याला थांबावं लागलं, २०१७ च्या नोव्हेंबरात गेला. स्टीव्ही त्याचा पुतण्या.

यारातीर
गुरुवार, रात्री ११:३८

हे बाबांना सांगितलं. उत्तर: "पुतण्या व्हय? म्हंजी धंदा घरातच ठेवलाय."

खरखर
शुक्रवार, सकाळी ७:५०

लेख छान, पण एक खोडा घालतो. एसी-डीसी ऑस्ट्रेलियन कसले? यंग बंधू जन्मले ग्लासगोत, १९६३ ला आईबापांबरोबर बोटीनं... नाही, बोट की विमान ते राहू दे, पण सिडनीत आले. जुना गायक बॉन स्कॉट स्कॉटलंडचाच. आत्ताचा गायक ब्रायन जॉन्सन तर इंग्लंडच्या न्यूकॅसलजवळचा, तो ऑस्ट्रेलियात कधी राहिलाच नाही. बॅगपाइप उगाच आहेत होय त्या गाण्यात!

कोल्ड चिझल बँडचा गायक जिमी बार्न्सही ग्लासगोचा. आणि त्या सगळ्यांच्या आधीचे ईझीबीट्स, त्यांच्या तर मूळच्या पाचांपैकी एकही ऑस्ट्रेलियात जन्मलेला नव्हता: दोन डच, दोन इंग्रज आणि एक स्कॉटिश. हा बँड १९६४ ला सिडनीजवळच्या विलावूड इथल्या स्थलांतरितांच्या छावणीत जुळला. त्यातला स्कॉटिश म्हणजे जॉर्ज यंग, माल्कम-अँगसचा सख्खा थोरला भाऊ. त्यानंच ईझीबीट्समधल्याच हॅरी वांडाबरोबर पुढे एसी-डीसीच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी केल्या.

सुलभा_पर्थ
शुक्रवार, सकाळी ८:२०

खरखर, अहो मग आम्ही बावीस वर्षं इथं राहून, मुलं इथं वाढवून, अजून "मूळचे कुठले" याच प्रश्नाची उत्तरं द्यायची का? वाजवायला लागले सिडनीत. पहिला कार्यक्रम १९७३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री, सिडनीच्या चेकर्स नाइटक्लबमध्ये. जन्मदाखला ग्लासगोचा असेल, बँडचा दाखला सिडनीचाच.

आणि बॉन स्कॉट आमचा, फ्रीमँटलचा. तिथल्या स्कॉटिश पाइप बँडमध्ये तो पोरवयात ड्रम वाजवायचा. पाइप नव्हे, ड्रम. स्टुडिओत जॉर्ज यंगला वाटलं की याला पाइप येत असणार, आणि बिचाऱ्याला शिकून घ्यावे लागले! १९८० ला लंडनमध्ये गेला, ३३ वर्षांचा होता. फ्रीमँटलच्या दफनभूमीत त्याची जागा आहे, बंदरावर पुतळा आहे. तो गेल्यावर ब्रायन जॉन्सन ते बॅगपाइपचं गाणं गात नाही, बॉनचा मान म्हणून. म्हणूनच यारातीर, तुम्हाला ते मैदानात नाही, चौकात ऐकायला मिळालं.

२०२० च्या १ मार्चला इथं कॅनिंग हायवेचा दहा किलोमीटरचा पट्टा बंद करून ट्रकांवर बँड चढवले होते, एसी-डीसीचीच गाणी. मी आणि जाऊबाई फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो, डब्यात थालीपीठ. शेजारच्या गोऱ्या आजींनी मागून घेतलं. त्यानंतर तीन आठवड्यांत सगळं जगच बंद झालं, त्यामुळे तो दिवस जास्तच लक्षात राहिलाय.

खरखर
शुक्रवार, सकाळी ८:४१

सुलभाताई, हरलो. माझा मुद्दा उलटाच होता खरं तर. हे संगीत स्थलांतरितांनी उभं केलं, एवढंच म्हणायचं होतं. फक्त एक तळटीप: यंग कुटुंब आलं तेव्हा ब्रिटनमधून येणाऱ्यांना सरकार दहा पौंडांत आणत होतं, आणि आपल्या रंगाच्या माणसाला दार बंद होतं. 'गोरा ऑस्ट्रेलिया' धोरण रीतसर संपलं १९७३ ला. ज्या वर्षी एसी-डीसी जन्मले त्याच वर्षी.

जुनी_कॅसेट
शुक्रवार, दुपारी १:०५

पुण्यात अकरावीत असताना एका वर्गमित्राच्या दुबईच्या मामानं आणलेली कॅसेट आमच्या सोळा जणांत फिरली. शेवटी माझ्याकडे आली तेव्हा एका बाजूला मधेच कोणाच्या तरी आजीचा "अरे दूध ऊतू गेलं" असा आवाज होता, मायक्रोफोन लावून कॉपी केल्यामुळे. आजही ते गाणं लागलं की त्या जागी मला आजी ऐकू येते.

एसी-डीसी भारतात कधी आलेच नाहीत. आम्ही धोबी तलावच्या रंगभवनात जायचो, पुण्याहून सकाळच्या गाडीनं. आपलेच बँड परदेशी गाणी वाजवायचे आणि आम्ही डोळे मिटून समजून घ्यायचो की हेच ते. मग तो परिसर शांतता क्षेत्र ठरला, रंगभवन बंद पडलं.

तुमच्या बाबांचा हेवा वाटतो. स्पष्ट सांगतो.

ढोलकरी
शुक्रवार, दुपारी १:३०

इअरप्लग न घालणाऱ्या बाबांना माझ्याकडून प्रेमाचा दम द्या. मी सात वर्षं पथकात ढोल वाजवला, कापसाचे बोळे घालायची लाज वाटायची. आता उजव्या कानात रात्री शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही.

ब्रायन जॉन्सनलाच बघा. २०१६ ला दौऱ्याच्या मध्यावर डॉक्टरांनी सांगितलं, थांब, नाहीतर ठार बहिरा होशील. उरलेले कार्यक्रम गन्स एन रोझेसच्या अ‍ॅक्सल रोझनं गायले, सुरुवातीचे तर पाय मोडलेला असताना सिंहासनावर बसून. पुढे कानासाठी खास यंत्रणा करून ब्रायन परतला. ७८ व्या वर्षी गातोय.

सिडनीचे_आजोबा
शनिवार, सकाळी १०:१५

मी इथं फार लिहीत नाही, पण हा विषय जिव्हाळ्याचा निघाला.

मी १९७९ ला सिडनीत शिकायला आलो. शाकाहारी, दारू नाही, कोटाला नेफ्थलीनचा वास. वसतिगृहातल्या दोघांनी मला उचलून नॅराबीनच्या रॉयल अँटलर नावाच्या पबमध्ये नेलं. समुद्रकिनाऱ्याजवळचा पब. आत पाय ठेवला तर चप्पल गालिच्याला चिकटली, सांडलेल्या बिअरनं. छतावरून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं गळतंय वाटतं. ते पाणी नव्हतं, शेकडो लोकांच्या घामाची वाफ छताला लागून परत खाली येत होती.

मंचावर मिडनाइट ऑइल नावाचा बँड. गायक पीटर गॅरेट म्हणजे साडेसहा फुटांच्या घरातला, टक्कल, आणि हातपाय असे फेकत होता की अंगात आल्यासारखं. मी देवळात अंगात आलेलं पाहिलेला माणूस, मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढा दंगा, पण पाचही जण घड्याळासारखे एकत्र. एक ठोका इकडे-तिकडे नाही.

पुढे त्याचं कारण कळलं. इथं पहिल्या महायुद्धापासून पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. पाचला कारखाना सुटला की तासाभरात जितकी ढोसता येईल तितकी ढोसायची. भिंतींना फरशा लावलेल्या, कारण रात्री पाइपानं धुऊन काढायच्या असत. न्यू साउथ वेल्समध्ये हा नियम १९५५ ला उठला, व्हिक्टोरियात थेट १९६६ ला. मग पबवाल्यांपुढे प्रश्न, रात्री दहापर्यंत लोकांना धरून ठेवायचं कसं? बँड ठेवा. फरशांची खोली, तर्र झालेले चारशे कामगार, आणि बँड आवडला नाही तर ते टाळ्या न वाजवता बाटल्या फेकणार. तिथं हळुवार वाजवणारा टिकलाच नाही. मोठ्यानं वाजवा, घट्ट वाजवा, दोन गाण्यांत वेळ घालवू नका. यारातीर, तुमच्या बाबांना जो 'धोटा' दिसला तो या खोल्यांमध्ये घडलाय. मैदान कितीही मोठं असो, हे बँड अजून त्या फरशांच्या खोलीतच वाजवत असतात, असं माझं मत.

दुसरी आठवण १ ऑक्टोबर २०००, सिडनी ऑलिंपिकचा समारोप. मी घरी टीव्हीपुढे. मिडनाइट ऑइल आले, काळे कपडे, आणि गाणं सुरू होताच दिसलं, कपड्यांवर सगळीकडे पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: सॉरी. आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडून नेली त्याबद्दल पंतप्रधान हॉवर्ड माफी मागायला तयार नव्हते, आणि ते तिथंच स्टेडियममध्ये बसले होते. गाणंही नेमकं पिंटुपी आदिवासींची जमीन परत करा म्हणणारं. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती, तिनं विचारलं, "बाबा, हे सॉरी का म्हणतायत? यांनी काय केलं?" मला धड सांगता येईना. मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो.

शेवटचा कार्यक्रम ३ ऑक्टोबर २०२२, हॉर्डर्न पॅव्हेलियन. त्याच मुलीनं मला नेलं. ती ३४ वर्षांची, मी ६७. मी खुर्ची मागून घेतली, पण शेवटच्या तासाला बसलो नाही.

मंद्रसप्तक
शनिवार, सकाळी १०:४०

आजोबा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका हो. कृपया.

खरखर
शनिवार, सकाळी ११:०२

प्रतिसाद सुंदर. पण गॅरेटबद्दल सगळं गोड गोड नको. हा माणूस १९९० ला न्यूयॉर्कमध्ये एक्सॉनच्या इमारतीसमोर ट्रकवर उभा राहून तेलगळतीचा निषेध म्हणून गायला, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. अण्वस्त्रांविरुद्ध निवडणूक लढवली. आणि २००७ ला मजूर पक्षाचा पर्यावरणमंत्री झाल्यावर युरेनियमच्या नव्या खाणीला मंजुरी दिली! त्यापेक्षा गातच राहिला असता तर बरं.

सिडनीचे_आजोबा
शनिवार, सकाळी ११:३०

खाणीचं मलाही बोचलं. पण १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत रीतसर माफी मागितली ती ज्या सरकारनं, त्यात हा मंत्री होता. अंगावर 'सॉरी' लिहून गाणारा माणूस सात वर्षांनी ते म्हणणाऱ्या बाकांवर बसलेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. तुम्ही एक बाजू मांडा, मी दुसरी मांडतो.

आणि एक. ते जमिनीचं गाणं आकाशातून पडलेलं नाही. १९८६ ला मिडनाइट ऑइल वारुम्पी बँडबरोबर वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये फिरले. वारुम्पी हे पापुन्याचे, अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या पश्चिमेकडचे. १९८३ ला त्यांनी लुरित्जा भाषेत गाणं काढलं होतं, आदिवासी भाषेतलं पहिलं रॉक गाणं. सिडनीत डोक्यावर घेतलेल्या बँडला तिथं कोणी ओळखत नव्हतं. लाल मातीत बसलेली माणसं, कुत्री, पोरं, आणि वारुम्पीचा गायक मात्र त्यांचा आपला. ऑइल तिथं पाहुणे होते. तिथून परतल्यावर त्यांनी जो अल्बम केला त्यात ते गाणं आहे.

सुलभा_पर्थ
शनिवार, दुपारी १२:१०

योथू यिंदी हा आदिवासींचा बँडही राहिला ना! यिडाकी, म्हणजे ज्याला सगळे डिजरिडू म्हणतात ते, आणि लाकडी टिपऱ्या थेट इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी. टिपऱ्यांचा आवाज ऐकून माझ्या सासूबाईंना भोंडला आठवला होता.

आणि मंडळी, आत्तापर्यंत इतके प्रतिसाद झाले, एकाही बाईचं नाव आलेलं नाही हे लक्षात आणून देते. शाळेचा गणवेश घालून मंचावर येणारा अँगस एकटा नव्हता. डिव्हिनिल्स बँडची गायिका क्रिसी अ‍ॅम्फ्लेट गणवेशात यायची, आणि आजोबांनी वर्णन केलेल्या त्याच चिकट खोल्यांमध्ये, त्याच बाटल्या फेकणाऱ्यांसमोर उभी राहायची. अँगसचा गणवेश गंमत होता, तिचा समोरच्या पुरुषांना दिलेला दम होता. मेलबर्नमध्ये तिच्या नावाची गल्ली आहे.

बॅकबेंचर७८
शनिवार, दुपारी १२:२५

गल्लीवरून: एसी-डीसीची गल्लीही तिथंच, २००४ पासून. पण पाटीवर मधली वीज नाही, रस्त्यांच्या नावांच्या नियमात तिरकी रेघ बसत नाही म्हणे. नंतर कोणीतरी वरती विजेचं चिन्ह ठोकलं.

यारातीर
शनिवार, दुपारी २:४०

सुलभाताई, माझीच चूक. मी स्वतः एका बाईला ऐकून आलो आणि लिहायचं राहिलं. परवा एसी-डीसीच्या आधी अमिल अँड द स्निफर्स होते, मेलबर्नचेच. त्यांची गायिका एमी टेलर म्हणजे दिवाळीतलं भुईचक्र. बाबा म्हणाले, "ह्या पोरीला मुकादम करा, खातं सरळ हुईल."

काल, शुक्रवारी, त्यांचाच फेड स्क्वेअरला फुकट कार्यक्रम होता. इतकी माणसं आली की सुरू व्हायच्या थोडं आधी सुरक्षेसाठी रद्द करावा लागला. मग बँडनं काय करावं? मिळालेलं मानधन शहरातल्या सात छोट्या ठिकाणी वाटून टाकलं, प्रत्येकी ५,००० डॉलर बारवर ठेवले, की आलेल्यांनी तिथं जाऊन आमच्या नावावर प्या आणि तिथले बँड ऐका. माझ्या ऑफिसातला एक पोरगा कॉलिंगवूडच्या टोटमध्ये गेला. आज सकाळपर्यंत त्याचा मेसेज आलेला नाही.

ढोलकरी
शनिवार, दुपारी ३:१५

टोट म्हणजे तोच पब ना ज्याच्यासाठी मोर्चा निघाला होता?

यारातीर
शनिवार, दुपारी ३:३०

तोच. २०१० च्या जानेवारीत बंद पडला होता. थेट संगीत असलं की 'धोक्याची जागा', मग पहारेकरी ठेवा, असा परवान्याचा नियम. छोट्या पबला ते परवडेना. २३ फेब्रुवारीला हजारो लोक संसदेवर चालून गेले. तारीख मुद्दाम निवडलेली, एसी-डीसीच्या त्या ट्रकवाल्या दिवसाची. नियम सुटला, पब परत उघडला.

पुढे २०१४ ला व्हिक्टोरियात आणखी एक शहाणपणाचं झालं. पबच्या शेजारी नवी इमारत बांधलीत, तर आवाज आत येऊ नये याची जबाबदारी तुमची, बांधणाऱ्याची. आधीपासून वाजवणाऱ्याची नाही. घर घेऊन वर तक्रार करायला आलेल्या माणसाला सांगता येतं, बाबा रे, काचा जाड लाव.

जुनी_कॅसेट
शनिवार, दुपारी ४:००

हे वाचून रंगभवन आठवलं आणि पोटात कालवलं. मला मान्य आहे, शेजारी रुग्णालयं आहेत. पण पर्यायी जागा कोणी दिली? सवाई गंधर्वसुद्धा रात्रभर चालायचा. पहाटे चारला भैरव ऐकून गारठ्यात चहा प्यायलेली माणसं अजून हयात आहेत. आता रात्री दहाचं बंधन. पहाटेचे राग पहाटे ऐकायची सोय गेली.

ढोलकरी
शनिवार, दुपारी ४:२०

कॅसेटराव, दहाचं बंधन नसतं तर आमच्या गल्लीतला डीजे पहाटे चारला भैरव लावत नाही हो. बाकी तुम्ही समजून घ्या. मी माझा कान दाखवायला तयार आहे.

मंद्रसप्तक
रविवार, सकाळी ९:३०

शास्त्रीय विषय निघालाच आहे तर माझी भर. मला रॉक फारसा कळत नाही, पण मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डनं मला अडकवलं. २०१७ ला त्यांनी एका वर्षात पाच अल्बम काढले, त्यातल्या एकासाठी गिटारला जादा पडदे बसवून घेतले. एका सप्तकात बाराऐवजी चोवीस. तुर्की बाग्लामावरून सुचलेलं. आमचे गुरुजी ऐकून म्हणाले, "श्रुती नाहीत या, सारख्या कापलेल्या पोळीचे तुकडे आहेत. पण पोळी बरी लाटलीय." गुरुजींकडून एवढी तारीफ आम्हा शिष्यांनाही मिळत नाही.

मैफलीसारखंच त्यांचंही काल काय वाजवलं ते आज वाजवतीलच असं नाही. तीन-तीन तासांचे कार्यक्रम, गाणं कुठून कुठं जाईल सांगता येत नाही. आणि प्रेक्षकांनी केलेली ध्वनिमुद्रणं खुशाल प्रसिद्ध करा म्हणतात. आपल्याकडे जुन्या मैफलींची चोरून केलेली स्पूलं लोक जीव टाकून जपतात, कोणाला दाखवत नाहीत. इथं बँडच म्हणतो, घ्या, छापा, विका.

बॅकबेंचर७८
रविवार, सकाळी १०:०५

क्राउडेड हाउस? २४ नोव्हेंबर १९९६, ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवरचा निरोप? आणि इनएक्सेसचं वेम्ब्ली, १३ जुलै १९९१? धागा अपूर्ण आहे.

खरखर
रविवार, सकाळी १०:१२

क्राउडेड हाउसचा नील फिन न्यूझीलंडचा. पुन्हा सुरू करू का?

सुलभा_पर्थ
रविवार, सकाळी १०:१३

नको.

सिडनीचे_आजोबा
रविवार, सकाळी ११:००

ऑपेरा हाउसला मी गेलो होतो. आदल्या दिवशी ठरला होता, पावसामुळे पुढे ढकलला. गर्दीत मुलीला खांद्यावर घेतलं होतं, ती आठ वर्षांची. तिला फक्त माझ्या डोक्यावर सांडलेलं आइस्क्रीम आठवतं. मला ड्रमवाल्या पॉल हेस्टरचा चेहरा आठवतो.

जुनी_कॅसेट
रविवार, रात्री ९:२०

यारातीर, आज एमसीजीवर दुसरा कार्यक्रम ना? बाबा काय म्हणतात?

यारातीर
सोमवार, सकाळी ६:५५

तिकीट नव्हतं. पण बाबांनी संध्याकाळी जेवण लवकर उरकलं आणि म्हणाले, चल, बाहेरनं ऐकू. रिचमंडच्या बाजूनं बागेत जाऊन बसलो. एकटे नव्हतो, घोंगड्या आणि थर्मास घेऊन आलेले बरेच होते. गायकाचं काहीच कळत नव्हतं, अँगसची गिटार वाऱ्याबरोबर येत-जात होती. ड्रम आणि ऱ्हिदम मात्र जमिनीतून येत होते.

बाबांनी चपला काढल्या आणि तळपाय गवतावर टेकवून बसले. जॉबर लोक तसंच करायचे म्हणे. खात्यात चोवीस मागांच्या गोंगाटात कुठला माग बिघडलाय ते कानानं कळत नाही, फरशीवर अनवाणी उभं राहिलं की कळतं.

दीडेक तासानं म्हणाले, "समदं चालू हाय. चल घरी."